प्रीबायोटिक द्रव्ये आणि वार्धक्य

प्रीबायोटिक द्रव्ये : शरीरातील उपकारक सूक्ष्मजंतू ज्यांचा निवडकपणे उपयोग करतात व त्यामुळे आरोग्यास लाभ होतो, अशी द्रव्ये. ही संकल्पना ग्लेन गिब्सन व मार्सेल रॉबरफ्रॉइड यांनी १९९५ मध्ये मांडली. प्रोबायोटिके म्हणजे प्रत्यक्ष जिवंत सूक्ष्मजंतू. प्रीबायोटिके हे आतड्यात आधीच वसत असलेल्या सूक्ष्मजंतूंचे खाद्य होय.

इन्युलीन, फ्रुक्टो-ऑलिगोसॅकॅराइडे व गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकॅराइडे ही यांपैकी प्रमुख होत. चिकोरीची मुळे, कांदा व लसूण यांत पहिली दोन आढळतात. कडधान्यांतील रॅफिनोज व स्टॅकिओज या शर्कराही मानवी पाचक रसांनी पचत नाहीत. अशी द्रव्ये लघ्वांत्रातून तशीच बृहदांत्रात येतात. तेथे त्यांचे किण्वन होऊन ॲसिटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही अम्ले तयार होतात. ब्युटिरिक अम्ल हे बृहदांत्राच्या अस्तर-कोशिकांचे मुख्य इंधन असून आतड्याचा अंतःस्तर अभंग राखण्यास ते साहाय्य करते.

उतारवयात दात पडणे, भूक मंदावणे, मऊ व चोथारहित अन्न, हालचालींचा अभाव आणि औषधांचे सेवन यांमुळे आतड्यातील सूक्ष्मजंतूंचे वैविध्य घटू शकते. आयर्लंडमधील १७८ वृद्धांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, दीर्घकाळ शुश्रूषागृहात राहणाऱ्यांमध्ये हे वैविध्य घरी राहणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. आहारातील एकसुरीपणा व शारीरिक दुर्बलता यांच्याशी त्याचा संबंध दिसून आला. मात्र अशा संबंधावरून कारण व परिणाम सिद्ध होत नाहीत.

त्यासाठी नियंत्रित प्रयोग आवश्यक असतात. ब्रिटनमध्ये साठीपुढील जुळ्यांच्या ३६ जोड्यांवर १२ आठवडे केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्वांना प्रथिनपूरक आहार व व्यायाम देण्यात आला. प्रत्येक जोडीतील एकाला त्याखेरीज प्रीबायोटिक द्रव्यही देण्यात आले. ते घेणाऱ्यांची बोधनक्षमतेच्या चाचण्यांतील कामगिरी सुधारली. खुर्चीवरून उठण्यास लागणाऱ्या वेळात मात्र फरक पडला नाही. म्हणजेच स्नायूंचे बल वाढविण्याचा हा उपाय असल्याचे यावरून म्हणता येत नाही.

ही द्रव्ये एकदम अधिक प्रमाणात घेतल्यास वायू धरणे, पोट फुगणे वा दुखणे हे त्रास संभवतात. म्हणून त्यांचे प्रमाण क्रमाक्रमाने वाढवितात. आतड्याचे विकार असणाऱ्यांनी वैद्याचा सल्ला घेणे इष्ट ठरते. कडधान्ये, भाज्या, फळे व भरड धान्ये यांचा वयोमानानुसार नीट शिजवलेला, विविधतापूर्ण आहार हा या द्रव्यांचा सुलभ व स्वस्त स्रोत होय.