बिदागी आणि करारनामा

जनावरांच्या बाजारात सौदा करण्याची एक जुनी रीत आहे, आणि ती कोठे कोठे अद्यापही पाळली जाते. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, दोघांच्या हातांवर धोतराचा सोगा किंवा टॉवेल टाकला जातो, आणि त्या पडद्याआड बोटांच्या स्पर्शाने किंमत ठरते. भोवती जमलेल्यांना बैलाचे दात दिसतात, खांदा दिसतो, चाल दिसते, भाव तेवढा दिसत नाही. वारणेच्या दक्षिणेस, पुणे–बंगळूर महामार्गाच्या जवळ, कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात वसलेले आणि सेनापती धनाजी जाधवांच्या समाधीमुळे इतिहासात नाव राखून असलेले पेठ वडगाव हे नावाप्रमाणेच पेठेचे गाव असून, देवघेव हा तेथल्या माणसाचा जन्मजात गुण मानला जातो. त्याच गावच्या गल्ल्यांतून आज जी तरुण मंडळी लग्नांचे छायाचित्रण करतात, संगणकावर फलक रचतात, चित्रफितींचे संकलन करतात किंवा जाहिरातींचा मजकूर लिहितात, तीही आपला भाव कापडाखालीच ठरवतात. फरक इतकाच की बैलाच्या व्यापाऱ्याला पलीकडच्या बोटांचा अर्थ अचूक कळतो, आणि या मंडळींना तो बहुधा कळत नाही.

ज्यांना आज फ्रीलान्सर म्हटले जाते, त्या कलावंतांचा, म्हणजे कोणाही एका धन्याची चाकरी न पत्करता, दरमहाच्या पगाराची हमी नसताना, आणि तरीही छंद म्हणून नव्हे तर चरितार्थ म्हणून कलेवर जगणाऱ्या माणसांचा वर्ग आपण समजतो तितका नवा नाही. कोल्हापूरच्या परिसरात तर तो शंभर वर्षांहून अधिक काळ नांदतो आहे. नवीन काही असेल तर ती साधने होत. अडचणी बव्हंशी जुन्याच आहेत.

६ मे १९२२ रोजी छत्रपती शाहू महाराजांचे मुंबईत देहावसान झाले, आणि दरबारच्या आश्रयाने राहिलेल्या कित्येक गुणी माणसांच्या योगक्षेमाचा प्रश्न एकाएकी उभा राहिला. त्यांपैकी दोघांच्या चरित्राचा पुढचा भाग शेजारी शेजारी ठेवून वाचावा असा आहे. आबालाल रहिमान हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून आलेले, जलरंगांवर आणि निसर्गदृश्यांवर असामान्य प्रभुत्व असलेले दरबारी चित्रकार. महाराजांच्या मागे त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, अशी कथा कोल्हापुरात आजही सांगितली जाते, आणि ती अक्षरशः खरी असो वा भावार्थाने, एकाच आश्रयदात्यावर विसंबलेल्या कलेचे तिच्याइतके दारुण वर्णन दुसरे सापडणार नाही. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले. दुसरे, गानसम्राट अल्लादिया खाँ. तेही दरबारचेच गवई, वयानेही तेव्हा साठी उलटून गेलेले. परंतु दरबार संपल्यावर ते मुंबईस गेले आणि तेथे शिष्यांना तालीम देऊन व मैफलींतून गाऊन त्यांनी उर्वरित आयुष्य काढले. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या शिष्यांच्या गळ्यांतून त्यांची गायकी साऱ्या देशाने ऐकली. दोघांच्या गुणवत्तेत डावे-उजवे करण्याचे कारण नाही. एकाच्या कलेला एकच दार होते आणि दुसऱ्याने ते मिटल्यावर दहा दारे शोधली, हा भेद मात्र डोळ्यांआड करता येत नाही; आणि स्वतंत्र कलावंताचे स्वातंत्र्य हे त्याच्या मनाच्या उंचीवर जितके अवलंबून असते त्याहून अधिक त्याच्या गिऱ्हाइकांच्या संख्येवर असते, असे आमचे मत या उदाहरणामुळेच झाले आहे.

कोल्हापूरचेच बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांचे आयुष्य या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. मूळ आडनाव मेस्त्री. आतेमामे बंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवण्यास आरंभ केला, आणि एका मंडळीचे काम संपले तर दुसरीचे उभे, असा त्यांचा व्यवहार होता. राजवाडा, रस्ता, अरण्य, कारागृह असे ठरावीक देखावे प्रत्येक मंडळीला लागत, वापराने विटत आणि पुन्हा रंगवून घ्यावे लागत. म्हणजे एकदा जोडलेले गिऱ्हाईक परत येई. आनंदरावांच्या अकाली निधनानंतर बाबूरावांनी तानीबाई कागलकर या गायिकेच्या आर्थिक पाठबळावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली, देशी बनावटीचा कॅमेरा सिद्ध केला, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, आणि चित्रपटांची भित्तिपत्रकेही स्वतःच्या हाताने रंगवली. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आदी मंडळींनी बाहेर पडून ‘प्रभात’ काढली, काही वर्षांनी मूळ कंपनी बंद पडली, तरी बाबूराव निराधार झाले नाहीत. कुंचला आणि छिन्नी ही दोन्ही हत्यारे त्यांनी गंजू दिली नव्हती. कंपनीचे मालकपण हातून गेल्यावर पुन्हा कारागिराच्या चौरंगावर बसण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट आम्हांला त्यांच्या कोणत्याही चित्रपटाइतकी मोठी वाटते.

आता आजच्या पेठेत येऊ. गणेशोत्सवाच्या आधीची रात्र. फ्लेक्सच्या दुकानात संगणकापुढे बसलेला रचनाकार, आणि त्याच्या खुर्चीमागे मंडळाचे सहा कार्यकर्ते. कोणाचा फोटो मोठा, कोणाचा लहान, ‘आधारस्तंभ’ कोण आणि ‘मार्गदर्शक’ कोण, आमदारांच्या उजव्या हाताला सरपंच की कारखान्याचे संचालक, या प्रश्नांचा निकाल लागेतो अकरा वाजतात. भ्रमणध्वनीवरून येणारे फोटो अंधुक असतात, एकाची पार्श्वभूमी कापून काढावी लागते, दुसऱ्याच्या नावातला रफार चुकलेला असतो. आणि सारे ‘फायनल’ झाल्यावर कोणीतरी दारातून ओरडते की दादांचा नवा फोटो आलाय, गॉगलवाला, तो टाक. चार-पाच तासांच्या या कामात अक्षरयोजना आहे, रंगांचा विवेक आहे, आणि गावच्या राजकारणाचे सूक्ष्म ज्ञानही आहे. बिल होते ते चौरस फुटाच्या दराने, छापलेल्या कापडाचे. रचना फुकट! जणू शिवणावळ न देता कापडाचेच पैसे देऊन सदरा न्यावा.

पूर्वीचा बोर्ड रंगवणारा पेंटर या बाबतीत सुखी होता, कारण त्याच्या अक्षराचे आणि रंगाचे मोल वेगळे काढणे कोणाला शक्यच नव्हते. यंत्राने छपाई स्वस्त केली आणि स्वस्त छपाईच्या पोटात कलावंताचा मेहनताना गडप झाला. ज्याला या धंद्यात टिकायचे आहे त्याने पहिली सुधारणा पावतीपुस्तकात करावी: रचनेचा आकार एका ओळीत, छपाईचा दुसऱ्या ओळीत. आरंभी पहिल्या ओळीत दोनशे रुपयेच असले तरी चालतील, पण ओळ असावी. जी वस्तू बिलावर लिहिली जात नाही ती गिऱ्हाइकाच्या लेखी अस्तित्वातच नसते.

दर ठरवण्याचे गणितही बहुतेकांनी कधी मांडलेले नसते. समजा, घरखर्चाला महिन्याकाठी २५ हजार लागतात, आणि संगणक, कॅमेरा, वीज, इंटरनेट व यंत्रांची झीज यांसाठी ५ हजार. एकूण ३० हजार. महिन्याचे दिवस तीस खरे, परंतु गिऱ्हाइकाशी बोलणे, नमुने दाखवणे, दुरुस्त्या आणि थकबाकीचे तगादे यांत गेलेले दिवस वजा केले, तर प्रत्यक्ष विकण्याजोगे दिवस बारा-पंधरा उरतात. बारा धरले तर दिवसाचा भाव अडीच हजार होतो, आणि यात शिल्लक, आजारपण किंवा कर यांचा विचारही केलेला नाही. हा आकडा पाहून नवखा माणूस दचकतो, कारण तो मनात नोकरदाराच्या पगाराला तिसाने भागत असतो.

विसाराच्या बाबतीत शिक्षित कलावंताने लोककलावंताकडे शिकवणी लावावी. बँडवाला, शाहीर, तमाशाचा फड यांच्यापैकी कोणीही सुपारी घेतल्यावाचून तारीख लिहीत नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावी यात्रांच्या हंगामापूर्वी फडमालकांच्या राहुट्या लागतात; गावोगावचे पंच तेथे येतात, बिदागीची रक्कम ठरते, विसार मोजला जातो आणि मगच करार होतो. ज्यांना आपण अशिक्षित म्हणून हिणवले त्यांनी ही शिस्त कैक वर्षे पाळली, आणि पदवीधर रचनाकार मात्र ‘काम तर बघा, पैशांचं नंतर बोलू’ असे म्हणून आपली अब्रू राखल्याचे समाधान मानतो. निम्मी रक्कम आगाऊ, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या मोफत, तिसरीपासून वेगळा आकार, आणि मूळ फाइल हवी असल्यास तिचा निराळा मोबदला. एवढ्या चार अटी कागदावर, निदान लेखी संदेशात तरी, आधी ठरलेल्या असाव्यात.

कायद्याचे कलमही थोडे समजून घ्यावे, कारण ते सर्वांना सारखे लागू नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखाचा किंवा गीताचा पहिला मालक सामान्यतः त्याचा लेखक. पण मोबदला देऊन सांगून काढवून घेतलेले छायाचित्र किंवा व्यक्तिचित्र असेल, तर उलट करार नसल्यास पहिली मालकी काम सांगणाऱ्याची ठरते. लग्नाचे फोटो आपल्या जाहिरातीत वापरू इच्छिणाऱ्या छायाचित्रकाराने म्हणूनच तशी परवानगी करारातच लिहून घ्यावी. हक्क दुसऱ्याला द्यायचे ते लेखी आणि सहीनिशीच देता येतात. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांना त्यांच्या कृतीच्या पुढील वापरातून मिळणाऱ्या स्वामित्वधनाचा समान वाटा राखून दिला. त्याआधीच्या कित्येक पिढ्यांनी एकरकमी मोबदल्यावर हक्कसोड लिहून दिली होती.

वसुली हा सर्वांत अप्रिय भाग. ज्याने आपल्या व्यवसायाची ‘उद्यम’ नोंदणी आधीच करून ठेवली आहे, त्याच्या बाजूने २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा उभा राहतो: करार काहीही असला तरी ४५ दिवसांच्या पलीकडे रक्कम अडकवता येत नाही, अडकवल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि दाद मागण्यासाठी सुविधा परिषद आहे. गावातल्या मंडळावर हे अस्त्र कोणी उगारणार नाही, आणि उगारूही नये. पण पुण्या-मुंबईच्या कंपनीला पाठवलेल्या बिलाच्या तळाशी नोंदणी क्रमांक छापलेला असला की हिशेबनिसाचा सूर बदलतो. कंपन्या व्यावसायिक मोबदल्यातून बहुधा १० टक्के कर आधीच कापतात. विवरणपत्र भरले नाही तर परत मिळू शकणारा पैसा सरकारजमा राहतो, आणि ही आळसाची किंमत आमच्या पाहण्यातले पुष्कळ कलावंत बिनबोभाट मोजतात.

नियमितपणाविषयी एकच उदाहरण पुरे. ग. दि. माडगूळकर माणदेशातून येऊन कोल्हापूरच्या चित्रसृष्टीत उमेदवारी करून पुढे आले, आणि १९५५–५६ मध्ये पुणे आकाशवाणीसाठी आठवड्यागणिक एक याप्रमाणे ‘गीतरामायणा’ची छप्पन गीते त्यांनी लिहिली, कोल्हापुरातच जन्मलेल्या सुधीर फडक्यांनी ती त्याच गतीने स्वरबद्ध केली. ठरलेल्या दिवशी गीत हवे म्हणजे हवे. प्रतिभा प्रसन्न झाली नाही ही सबब आकाशवाणीच्या वेळापत्रकात बसत नव्हती.

नोकरी केव्हा सोडावी, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि समाजमाध्यमांवरचे उपदेशक त्याला ‘उडी मार’ असे उत्तर देऊन मोकळे होतात. आपल्या भागाचा दाखला निराळे सांगतो. करवीर तालुक्यातील हळदीचे जगदीश खेबुडकर शाळामास्तर होते, आणि मास्तरकी सांभाळून त्यांनी ‘पिंजरा’सारख्या चित्रपटांची गाणी लिहिली. पेठ वडगावच्याच तालुक्यातील पट्टण कोडोलीचे शंकर पाटील आकाशवाणीत व पुढे पाठ्यपुस्तक मंडळात नोकरीला होते, आणि त्यांच्या अस्सल ग्रामीण कथा व पटकथा त्या नोकरीच्या जोडीनेच अवतरल्या. या दोघांच्या स्वातंत्र्याला पगाराने बाध आणला असे कोणी म्हणणार नाही. उलट नको ते काम नाकारण्याची ऐपत त्या पगारानेच दिली असावी.

ज्याला तरीही नोकरी सोडायचीच आहे, त्याने आपली कीर्द उघडून चातुर्मासाची पाने पाहावीत. लग्नाचे मुहूर्त थांबलेले असतात, भाद्रपदातले फ्लेक्स आणि दिवाळीच्या जाहिराती एवढाच काय तो आधार, आणि निवडणूक काही दरवर्षी येत नाही. त्या चार महिन्यांत तीन-चार वेगवेगळ्या गिऱ्हाइकांकडून घरखर्च निघालेला दिसला, तर राजीनामा लिहिण्यास हरकत नाही. कॅमेऱ्याचे हप्ते मात्र त्याआधी फिटलेले असावेत.