आठ कागदांची तिमाही

स्वयंपाकघराच्या दाराआड टांगलेली दिनदर्शिका कधी जवळून पाहावी. सोमवारच्या चौकटीत ‘१॥’ लिहिलेलं असतं, ते दूध. गुरुवारी फुली, म्हणजे दुधाचा खाडा. शनिवारी ‘सिलिं.’ आणि त्याखाली रेघ, कारण नवा सिलिंडर त्या दिवशी जोडला आणि तो किती दिवस पुरतो ते बघायचं आहे. कामवाल्या बाईंचे खाडे वेगळ्या शाईत. समासात इलेक्ट्रिशियनचा नंबर, नावाशिवाय. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ आणलं ते तिथी, सणवार आणि मुहूर्त एका नजरेत दिसावेत म्हणून. मराठी घरांनी त्याची हिशेबाची वही कधी केली, ते त्यांचं त्यांनाही कळलं नसेल.

त्याच घरातल्या कपाटात विमा एजंटाने दिलेली जाडजूड डायरी असते. रेक्झिनचं कव्हर, सोनेरी अक्षरं, आत देशोदेशीच्या वेळा आणि किलोमीटरचे मैल करायचं कोष्टक. पहिली नोंद १ जानेवारीची, शेवटची बहुधा नऊ किंवा दहा जानेवारीची. पुढची सगळी पानं कोरी. जूनमध्ये ती वाणसामानाच्या यादीसाठी फाडायला घेतात.

दोन्हीकडे लिहिणारा हात एकच, त्यामुळे आळसाचा मुद्दा इथे लागू पडत नाही. भिंतीवरची चौकट जेमतेम दोन बोटांची, पण तिच्यात जे लिहायचं ते घराला रोज लागतं. डायरीत दिवसाला अख्खं पान, सकाळी आठ ते रात्री आठ असे तासांचे रकाने. ते ज्याला भेटीगाठींच्या वेळा सांभाळायच्या असतात त्याच्या सोयीचे. ही तयार डायरी जन्मली तीही व्यापाऱ्यांसाठीच: लंडनमधल्या जॉन लेट्स नावाच्या स्टेशनरी विक्रेत्याने १८१२ साली पहिली छापील डायरी विकायला काढली, ती रॉयल एक्स्चेंजच्या परिसरात. ज्या घरात महिन्यात तीनदा डॉक्टर, दोनदा पालकसभा आणि रोज दूध असतं, त्या घराला ‘सकाळी ११ ते १२’ या रकान्याचं काय करायचं?

आणि वर्ष १ जानेवारीलाच का सुरू व्हावं? शाळेचं वर्ष जूनमध्ये लागतं, हिशेबाचं एप्रिलमध्ये. दुकानदाराच्या वहीची पूजा दिवाळीत होते. मराठवाड्यात सालगड्याचं साल गुढीपाडव्याला ठरतं. विकतच्या प्लॅनरला यातलं काही ठाऊक नसतं. घरी केलेल्या वहीचा पहिला फायदा हा, की तिचं पहिलं पान हवं त्या सोमवारी उघडतं.

वही करायची म्हटली की लोक आधी दुकानात जातात. रंगीत पेनं येतात, स्टिकर येतात, वॉशी टेप येते आणि वही तशीच राहते. खरी सुरुवात कचऱ्यातून करावी. मागच्या महिनाभराच्या चिठ्ठ्या, पाकिटांच्या पाठी, फ्रिजवरचे कागद, मोबाइलमध्ये स्वतःलाच पाठवलेले निरोप, दिनदर्शिकेच्या चौकटी हे सगळं एका जागी काढून बघावं. आपण प्रत्यक्षात काय टिपून ठेवतो ते तिथे दिसतं. एखाद्या घरात निम्म्या चिठ्ठ्या औषधांच्या निघतील, एखाद्यात क्लासच्या बदललेल्या वेळांच्या. ‘रोज आठ पेले पाणी’ असं एकाही चिठ्ठीवर नसेल, तर वहीतही त्याचा रकाना नको. तो रकाना दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यातून आलेला असतो.

आता कागद. मुद्रणाच्या धंद्यात सोळा पानांचा फर्मा मोजतात. इथे बत्तीस पानं लागतात आणि ती ए-फोरच्या बरोबर आठ कागदांत निघतात. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. मध्ये दुमडला की २१० बाय १४८ची सुटसुटीत वही होते. पर्समध्ये मावते, टेबलावर उघडी राहते. समोरासमोरच्या दोन पानांवर एक आठवडा धरला, तर तेरा आठवड्यांना सव्वीस पानं. उरली सहा. तेरा आठवडे म्हणजे ९१ दिवस, एक तिमाही. अशा चार वह्या म्हणजे ३६४ दिवस. वर्षाचा राहिलेला दिवस आपोआप पुढच्या वहीत जातो.

तिमाही का, वर्ष का नाही? बिघडली तर आठच कागद वाया जातात, म्हणून. शिवाय वजन. ‘८० जीएसएम’ म्हणजे एका चौरस मीटरला ८० ग्रॅम. एका चौरस मीटरमध्ये ए-फोरचे सोळा कागद बसतात, म्हणून एक कागद ५ ग्रॅमचा आणि कव्हर सोडून सगळी वही ४० ग्रॅमची. झेरॉक्सच्या दुकानात साधारण ७० किंवा ७५ जीएसएम वापरतात. बॉलपेनला तो चालतो. शाईचं पेन वापरणाऱ्यांनी मात्र १०० जीएसएम मागून घ्यावा, नाहीतर मंगळवारची शाई पाठच्या पानावर उतरते.

रेघा एकदाच आखायच्या. एक कागद आडवा घ्यावा, त्याच्या दोन्ही अर्ध्या भागांत वर १८ मिलिमीटर सोडून ४८ मिलिमीटर उंचीचे चार-चार चौकोन आखावेत. घडीच्या दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटर कोरं ठेवावं. तिथे शिवण येते. डाव्या पानावर सोमवार ते गुरुवार, उजवीकडे शुक्रवार ते रविवार, आठवा चौकोन दिवस ठरला नाही अशा कामांचा. प्रत्येक चौकोनात डावीकडे दोन सेंटिमीटरची उभी पट्टी सोडली, की दिनदर्शिकेतलं शहाणपण इथे उतरतं: त्या पट्टीत फक्त आकडा किंवा फुली. दूध, गोळी, खाडा. रोज लिहायच्या गोष्टीला एका खुणेपेक्षा जास्त मेहनत पडली, तर ती पंधरा दिवसांत बंद पडते.

या कागदाच्या प्रती सहा कागदांवर दोन्ही बाजूंनी काढायच्या, सातव्यावर एकाच बाजूने, आठवा कोरा. झेरॉक्स फिक्की काढायला सांगावी, म्हणजे रेघ मागे राहते आणि अक्षर पुढे येतं. सगळ्या पानांची आखणी सारखीच असल्यामुळे कुठलं पान कुठे येणार ही छापखान्यातली डोकेदुखी उरत नाही. कोरा कागद सर्वांत बाहेर, त्याच्या आत सातवा, आखलेली बाजू आत करून. पहिल्या पानावर नाव, फोन, रक्तगट. दुसऱ्या-तिसऱ्यावर तीन महिने एका दृष्टिक्षेपात. चौथ्यापासून एकोणतिसाव्यापर्यंत आठवडे. तीस-एकतीसवर खाड्यांची आणि पैशांची बेरीज. बत्तिसावं पान तूर्त कोरं.

कागद एकेक करून दुमडावेत, गठ्ठा एकदम दुमडू नये. झेरॉक्सच्या कागदात तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात आणि आपली घडी त्यांना आडवी जाते, म्हणून ती फुगते. चमच्याच्या पाठीने दोनदा दाबली की बसते. मग आठही कागद एकात एक घालून, बाहेर जाड कार्डाचं कव्हर. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा चालतो, मागच्या वर्षीच्या दिनदर्शिकेचं पानही चालतं. पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेचा एखादा तंतुमय कागद मिळाला, तर उत्तमच.

शिवण तीन भोकांची. वही मध्यावर उघडून खाली दुमडलेला टॉवेल घ्यावा. घडीच्या बरोबर मध्ये एक आणि दोन्ही टोकांपासून साडेतीन सेंटिमीटरवर एकेक, अशी दाभणाने भोकं पाडावीत. गोधडीचा जाड दोरा साठ सेंटिमीटर, मेणबत्तीवरून एकदा ओढलेला. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, बाहेरून वरच्यातून आत, मधलं सोडून थेट खालच्यातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतात. टाका मध्ये धरून गाठ मारायची. दहा मिनिटांचं काम. आतली पानं मिलिमीटरभर पुढे डोकावतील, ती स्टीलच्या पट्टीला धरून कटरने छाटावीत. हा दोरा सोळाव्या-सतराव्या पानाच्या मध्ये दिसतो, तिथे सातवा आठवडा असतो. दोरा दिसला की वही निम्म्यावर आली.

ज्यांना पानं मागेपुढे करायची असतात त्यांनी शिवण्याच्या फंदात पडू नये. सरकारी कार्यालयांतला दोन भोकांचा पंच आणि टॅग हा स्वस्तातला उपाय आहे. पंचाच्या भोकांमध्ये ८० मिलिमीटरचं अंतर असतं, आणि बहुतेक पंच याच मापाचे असल्यामुळे घरी केलेलं पान ऑफिसच्या फायलीतही बसतं. सुट्या पानांची महती सांगणारी एक गोष्टही आहे. लंडनच्या नॉर्मन अँड हिल कंपनीने ‘फायलोफॅक्स’ नावाची सुट्या पानांची वही विकायला सुरुवात केली. १९४० च्या बॉम्बहल्ल्यात कंपनीचं कार्यालय जळालं, कागदपत्रं गेली. तिथे काम करणाऱ्या ग्रेस स्कर रोज आपली फायलोफॅक्स घरी नेत, आणि तिच्यात गिऱ्हाइकांची व पुरवठादारांची सगळी नोंद होती. कंपनी त्या वहीवरून पुन्हा उभी राहिली. पुढे स्करबाई तिच्या अध्यक्षा झाल्या.

तारखा मात्र हाताने घालाव्यात, तेही एका बैठकीत, शेजारी दिनदर्शिका घेऊन. दुसरा आणि चौथा शनिवार बँका बंद. आगाऊ प्राप्तिकर भरणाऱ्यांसाठी १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला. चतुर्थी आणि एकादशी ज्या घरात पाळतात तिथे त्या. शेवटी वाढदिवस, आणि ते घडणार त्याच्या आधीच्या आठवड्यात. भेटवस्तू आधी आणायची असते.

चौकोन भरून काढायची घाई नको. १९९४ साली कॅनडात मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना प्रबंधिका किती दिवसांत पुरी होईल असं विचारलं. अंदाज सरासरी ३४ दिवसांचा निघाला, लागले ५५हून अधिक. घरकामाचा हिशेब याहून बरा असतो असं मानायला काही आधार दिसत नाही. चौकोनात सहा ओळी मावत असतील, तर तीनच लिहाव्यात. राहिलेलं काम पुढच्या आठवड्यात हाताने पुन्हा उतरवायचं, ही ‘बुलेट जर्नल’ची पद्धत रायडर कॅरोल या न्यूयॉर्कच्या डिझायनरने २०१३ साली लोकांपुढे मांडली आणि ती कामाची आहे. ‘माळ्यावरचे डबे’ तीनदा उतरवून लिहिताना हात कंटाळतो, आणि मग एक तर माळा आवरला जातो किंवा ती ओळ कायमची कटते.

आता ते बत्तिसावं पान. तेरावा आठवडा संपला की त्यावर दोनच याद्या करायच्या: कुठली जागा कोरी राहिली आणि कुठल्या गोष्टीसाठी जागा पुरली नाही. पुढच्या वहीची आखणी त्यावरून करायची. पहिली वही कुणाचीच नीट जमत नाही. तिसरी बरी होते. कागदाची काळजी करू नये. पाचशे कागदांच्या एका रिमातून अशा बासष्ट वह्या निघतात, म्हणजे पंधरा वर्षं पुरून वर दोन वह्या शेजारी द्यायला.