चार वेळा लुटलेल्या मूर्ती

रत्नागिरीचा थिबा राजवाडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले. १९१६ साली रत्नागिरीतच त्याचा अंत झाला. त्याच्या मंडाले शहरातील काही मूर्तींची कथा आज आम्ही सांगणार आहोत.

मंडालेच्या प्रसिद्ध महामुनी विहाराच्या आवारात काशाच्या सहा मूर्ती जतन झाल्या. तीन सिंह, तीन डोक्यांचा ऐरावत आणि दोन द्वारपाल. त्या मूळच्या कंबोडियातील अंकोर नगरीच्या. १४३१ साली सयामच्या अयुथया राज्याने अंकोर जिंकले आणि मूर्ती उचलून नेल्या. १५६९ साली ब्रह्मी राजा बयिन्नौंगने अयुथया घेतली. मूर्ती पेगूला आल्या. १५९९ साली पेगू पडले, तेव्हा आराकानच्या राजाने त्या आपल्या म्रौक-यू राजधानीत नेल्या. १७८४ च्या अखेरीस बोदौपया राजाच्या फौजेने आराकान जिंकले. महामुनी बुद्धमूर्ती, या मूर्ती आणि हजारो कैदी, सारेच ब्रह्मदेशात आणले गेले. आराकानी लोकांच्या मनातील ती जखम अजून भरलेली नाही.

मूळच्या मूर्ती तीस होत्या असे सांगतात. बाकीच्या थिबाच्या काळात तोफांसाठी वितळवल्या म्हणे. त्या तोफांनी ना राज्य वाचले, ना राजा.

आम्हाला एक गोष्ट बोचते. हे लुटणारे राजे परके नव्हते. सारे तथागतांपुढे हात जोडणारे! कोणी दिले नसेल ते घेऊ नये, हे शील त्यांनी रोज म्हटले असेल. मग दुसऱ्याच्या विहारातील बुद्धमूर्ती जिंकून आणणे हा धम्म कसा? मूर्ती आपल्या घरी आली म्हणून धम्म आपल्या घरी येतो काय?

पुढे या मूर्तींपाशी राजे नव्हे, गोरगरीब येऊ लागले. गुडघा दुखतो त्याने मूर्तीचा गुडघा चोळावा, पोट दुखते त्याने पोट, अशी तिथली समजूत. दवाखान्याचे काम मूर्ती करणार नाही, हे आम्ही जाणतो. पण त्या हातांनी काशाचे अंग गुळगुळीत झाले. कोणाचे काही हिरावून न घेणारे ते हात होते.

२८ मार्च २०२५ च्या भूकंपात या विहाराचेही नुकसान झाले. विहारातील मूर्तीला वंदन करताना आपल्या मुलांना ही कथा अवश्य सांगा. मूर्ती पळवता येते, शील पळवता येत नाही. ते ज्याचे त्यानेच पाळावे लागते.