सह्याद्रीच्या वाटेवरची औषधपिशवी

सह्याद्रीतल्या डोंगरवाटांवर होणाऱ्या दुखापती बहुतेक ठरलेल्या असतात. घसाऱ्यावर पाय सरकून घोटा मुरगळतो, करवंदीच्या जाळीत हातपाय ओरबाडतात, नव्या बुटांनी टाचेला फोड येतात, झाड नसलेल्या सोंडेवर दुपारच्या उन्हात भोवळ येते आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर आपटून गुडघे फुटतात. आग्या मोहोळ उठणे, साप किंवा विंचू चावणे, कड्यावरून पडणे हे प्रसंग त्या मानाने विरळ, पण आले की जिवावर बेततात. प्रत्येकाने स्वतःजवळ बाळगायचा प्रथमोपचार संच नेहमीच्या दुखापतींसाठी भरायचा असतो. विरळ प्रसंगांत त्याचे काम एवढेच, की रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंतचा वेळ निभावून न्यावा.

डोंगरात हा वेळ मोठा असतो. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावरून पाचनईला किंवा खिरेश्वरला धडधाकट माणूस काही तासांत उतरतो. तोच माणूस पाय मोडल्यामुळे उचलून आणायचा झाला, तर रात्र पडते. वासोट्याहून परतताना रान उतरून झाल्यावरही शिवसागर जलाशय बोटीने ओलांडल्याखेरीज बामणोली येत नाही. अनेक घळींत मोबाइलला रेंज नसते. म्हणून संचात काय असावे याचा निकाल दोन प्रश्नांवर लागतो. या वाटेवर काय होऊ शकते, आणि मदत मिळेपर्यंत किती वेळ काढावा लागेल? लोहगडाच्या पायऱ्यांसाठी आणि अलंग-मदन-कुलंगच्या दोन मुक्कामांसाठी एकच पिशवी चालत नाही.

औषधांच्या दुकानात मिळणारे तयार डबे बहुतेक गाडीत किंवा कार्यालयात ठेवण्यासाठी बनवलेले असतात. कापसाची गुंडाळी, अरुंद बँडेज, जंतुनाशकाची छोटी बाटली आणि डझनभर चिकटपट्ट्या एवढाच त्यांचा ऐवज. यातला कापूस तर डोंगरात नकोच. त्याचे तंतू ओल्या जखमेत चिकटतात आणि मग ते काढणे हेच वेगळे काम होऊन बसते. रिकामी पिशवी घेऊन एकेक वस्तू स्वतः निवडणे स्वस्त पडते, शिवाय कोणती वस्तू कशासाठी घेतली हे डोक्यात पक्के राहते.

जखमेपासून सुरुवात करावी, कारण पिशवी सर्वांत जास्त वेळा त्यासाठीच उघडते. खरचटलेल्या गुडघ्यात माती आणि मुरूम भरलेला असतो. तो तसाच ठेवून वर मलम चोपडले, तर आत पू होणारच. जखम धुण्यासाठी पिण्यालायक स्वच्छ पाणी पुरते, फक्त त्याला जोर हवा. त्यासाठी 20 मिलीची, सुई नसलेली सिरिंज पिशवीत असावी. ती मिळायला सोपी, वजनाला नगण्य आणि धार मारायला उत्तम. सोबत साबणाची एक वडी असावी. पायथ्याच्या गावातल्या कुत्र्याने किंवा गडावरच्या माकडाने चावा घेतला, तर ती जागा लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुणे हा रेबीजविरुद्धचा पहिला आणि फार मोलाचा उपाय आहे. त्यानंतर त्याच दिवशी दवाखाना गाठून लस सुरू करावी. ओरखडा किरकोळ दिसला म्हणून हे टाळू नये.

धुतलेल्या जखमेभोवती पोव्हिडोन आयोडीन लावून वर निर्जंतुक गॉझचा चौकोन आणि त्यावर पट्टी, एवढे पुरेसे असते. गॉझचे पाच-सहा सीलबंद तुकडे, दहा-बारा चिकटपट्ट्या आणि कागदी चिकटपट्टीचे एक रीळ घ्यावे. रक्त वाहत असेल तर गॉझची घडी थेट जखमेवर ठेवून हाताने घट्ट दाबावे आणि किमान दहा मिनिटे उचलून पाहू नये. पाहण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि त्यातच धरू लागलेली गुठळी सुटते. सॅनिटरी पॅड रक्त टिपते पण दाब देत नाही, म्हणून ते वापरायचेच झाले तर वरून पट्टी आवळावी लागते. ज्यांना लागतात त्यांच्या पिशवीत पॅड असावेतच, त्यासाठी जखमेचे निमित्त नको. दुसऱ्याचे रक्त हाताळण्यासाठी रबरी हातमोज्यांचा एक जोड ठेवावा. मावळात आणि कोकणात दगडीपाल्याचा रस जखमेवर पिळण्याची जुनी रीत आहे. साध्या ओरखड्यावर तिने फारसे बिघडत नाही, पण रानातला पाला मातीसकट खोल जखमेत घालणे धोक्याचे. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यायची असते. शेवटची कधी घेतली हे आठवत नसेल, तर घरून निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्यावी.

मुरगळलेल्या पायासाठी 10 किंवा 15 सेंटिमीटर रुंदीचे क्रेप बँडेज हवे. पाऊल आणि घोटा यांभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेढे घ्यावेत. बोटे निळी पडली किंवा मुंग्या आल्या, तर ते सोडून पुन्हा सैल बांधावे. खाली उतरायला अजून बरीच वाट असेल, तर बूट काढण्याची घाई करू नये. सूज चढल्यावर तो परत पायात जात नाही. वेदनाशामक फवाऱ्याने गार वाटते आणि बरेही वाटते, पण ताणलेला अस्थिबंध सांभाळण्याचे काम बँडेजच करते. दुखऱ्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील, तर हाड मोडले आहे असे समजून वागावे.

दुसरी वस्तू म्हणजे त्रिकोणी पट्टी. मांजरपाटाचा एक मीटरचा चौकोन तिरका कापला की दोन पट्ट्या होतात. हात गळ्यात अडकवायला झोळी, डोक्याचे बँडेज, मोडलेल्या पायाला काठीची फळी बांधायला दोर अशी अनेक कामे ती करते. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिश फॉन एस्मार्क यांनी एकोणिसाव्या शतकात या पट्टीवरच तिच्या उपयोगांची चित्रे छापून ती सैनिकांसाठी प्रचारात आणली. शिकलेले ऐन वेळी आठवत नाही, हे त्यांनी गृहीत धरले होते. फळीसाठी वेगळे काही नेण्याची गरज नाही. ट्रेकिंगची काठी, छत्री, गुंडाळलेली कॅरीमॅट यांपैकी काहीही चालते, फक्त ती मोडलेल्या जागेच्या वरच्या आणि खालच्या सांध्यापलीकडे पोहोचायला हवी.

टाचेच्या फोडावरचा उपाय फोड येण्याआधीचा आहे. बुटात एका जागी चुरचुरू लागले की तिथेच थांबून त्या जागेवर चिकटपट्टीचा गुळगुळीत तुकडा लावावा. गट पुढे जाईल या संकोचाने माणसे थांबत नाहीत आणि संध्याकाळपर्यंत लंगडू लागतात. आलेला फोड फोडू नये, त्याची कातडी हीच आतल्या मांसाची उत्तम पट्टी असते.

ऊन हा सह्याद्रीतला सर्वांत कमी लेखला जाणारा धोका आहे. मार्च ते मे आणि पावसानंतरच्या ऑक्टोबरात तापलेल्या कातळावरून चालताना घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातात. नुसते पाणी ढोसून मिठाची भरपाई होत नाही, उलट शरीरातले सोडियम आणखी पातळ होते. यासाठी ओआरएसची पाकिटे न्यावीत, माणशी दिवसाला दोन तरी. हे साधे पांढरे चूर्ण विसाव्या शतकातल्या मोठ्या वैद्यकीय शोधांपैकी एक आहे. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि पाणी यांचे द्रावण पिंपांतून वाटले. छावणीत सुमारे 30 टक्के असलेले मृत्यूंचे प्रमाण त्या उपचारानंतर चार टक्क्यांच्या खाली आले. या द्रावणाची मेख घटकांच्या प्रमाणात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचे एका लिटरचे पाकीट 20.5 ग्रॅमचे असते, छोटी पाकिटे 200 मिलीसाठी असतात. मोठे पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामे केले, तर द्रावण दुप्पट तीव्र होऊन अपाय करते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ग्लुकोजची पूड किंवा खोक्यातली गोड पेये ही ओआरएसची जागा घेत नाहीत. गडावरच्या टाक्यातले पाणी वापरायचे तर ते आधी क्लोरीनच्या गोळीने शुद्ध करावे.

उन्हाने थकलेला माणूस आणि उष्माघात झालेला माणूस यांतला फरक ओळखता यायला हवा. पहिला घामाघूम असतो, पण नीट बोलतो. दुसरा असंबद्ध बोलू लागतो, झोकांड्या खातो किंवा शुद्ध हरपतो. त्याला सावलीत आणून, कपडे सैल करून, अंगावर पाणी ओतत वारा घालणे हाच उपचार आहे. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात काहीही घालू नये. अंग तापलेले पाहून पॅरासिटामोल देण्याची चूक सर्रास होते. तापात ते काम करते, उष्माघातात नाही.

गोळ्या मोजक्याच असाव्यात. दुखणे आणि ताप यांसाठी 500 मिलिग्रॅमची पॅरासिटामोल (प्रौढ माणसाला 24 तासांत आठ गोळ्यांपेक्षा जास्त कधीही नाही), खाज आणि पित्त उठण्यासाठी सेटिरिझिन, पित्तशामक एखादी आणि घाटातल्या वळणांवर उलटी होणाऱ्यांसाठी त्यावरची गोळी. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडांना त्रास देऊ शकतात, म्हणून उन्हाळी चालीत त्या टाळलेल्या बऱ्या. प्रतिजैविके डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नेऊ नयेत. चाळिशी ओलांडलेले बरेच जण आता गडावर येतात. छातीत दाब, घाम आणि हाताकडे सरकणारी कळ अशी लक्षणे दिसली तर 300 ते 325 मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खाल्ल्याने जीव वाचू शकतो. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा आजार असलेल्यांना मात्र ती देऊ नये. आणि दमा, मधुमेह, रक्तदाब, फिट्स यांची स्वतःची औषधे ज्याची त्याने न्यायची. ती दुसऱ्याच्या पिशवीत सापडणार नाहीत.

आग्या मोहोळ उठले की पिशवी उघडायची नसते, पळायचे असते. डोके झाकून त्या जागेपासून शक्य तितके दूर जावे, हात झाडू नयेत. सुरक्षित जागी पोहोचल्यावर अंगातले काटे नखाने, चिमट्याने, जसे निघतील तसे पण लवकर काढावेत, कारण तुटून राहिलेली विषाची पिशवी आत विष सोडत राहते. एखाद-दुसऱ्या दंशाला सेटिरिझिन चालते. श्वास घ्यायला त्रास, घसा आवळणे, अंगभर गांधी उठून चक्कर येणे ही ॲलर्जीची तीव्र प्रतिक्रिया असते. तिला ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाच उपाय, गोळी तिथे फार उशिरा पोहोचते. ज्यांना पूर्वी असा त्रास झाला आहे, त्यांनी डॉक्टरांकडून ते इंजेक्शन लिहून घेऊन, टोचायला शिकून मगच डोंगरात जावे. ॲलर्जी नसली तरी शेकडो काटे लागलेल्या माणसाला रुग्णालयात न्यावेच लागते.

सापासाठी पिशवीत काहीही नसते, आणि नसावेही. ब्लेड, आवळपट्टी, विष ओढून काढणारे पंप यांनी फायदा होत नाही, नुकसान मात्र होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांपैकी कोणीही चावले तरी उपाय प्रतिविषाचा, आणि ते रुग्णालयातच द्यायचे असते. वाटेत करायचे ते इतकेच, की माणसाला धीर द्यायचा, अंगठी आणि कडी काढायची, चावलेला अवयव त्रिकोणी पट्टीने फळीला बांधून हलू द्यायचा नाही आणि चालवण्याऐवजी उचलून न्यायचे. ॲस्पिरिन इथे वर्ज्य. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशानंतर दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे ही विष हृदयापर्यंत पोहोचल्याची खूण असते. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ही लक्षणे टिपून 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मांडली आणि पुढे प्राझोसिन या औषधाने असे रुग्ण वाचवता येतात हे दाखवले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे औषध रक्तदाब झपाट्याने उतरवते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायचे असते.

चिमटा आणि चिकटपट्टी यांचे उपयोग अजून संपलेले नाहीत. खाजकुइलीची कुसे अंगाला लागली की चोळू नये. चिकटपट्टी दाबून ओढली की बरीचशी निघून येतात, मग पाण्याने धुवावे. चिकटलेली गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढावी. सिंधुदुर्गात दोडामार्ग भागात गोचिडींतून माकडतापाचा फैलाव झालेला आहे, तिकडून आल्यावर ताप भरला तर डॉक्टरांना भटकंतीची जागा सांगावी. जळू नखाने तोंडाच्या बाजूने सरकवून सोडवावी. तिच्या लाळेमुळे रक्त लवकर थांबत नाही, घाबरण्यासारखे त्यात काही नाही.

कात्री, सेफ्टी पिना, शिट्टी, चकाकती आणीबाणीची चादर आणि छोटी विजेरी घातल्यावरही सगळ्याचे वजन अर्ध्या किलोच्या आत राहते. हे सारे घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पाठपिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवावे आणि सोबत्यांना ती जागा सांगून ठेवावी. त्यातच एका कागदावर रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे, घरचा फोन क्रमांक आणि 108 व 112 हे क्रमांक लिहावेत. गोळ्यांची पट्टी कापताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा ठेवावा, कारण बिननावाची पांढरी गोळी अंधारात कोणीही ओळखू शकत नाही. उन्हात तापणाऱ्या गाडीत ही पिशवी वर्षभर पडून राहिली, तर औषधे मुदतीआधीच निकामी होतात. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर तिची एकदा झडती घ्यावी. चिकटपट्टीचा डिंक सुकला आहे का, क्रेप बँडेजचा ताण गेला आहे का, ओआरएसची पाकिटे दमट होऊन गोळा झाली आहेत का हे पाहावे आणि मागच्या खेपेला वापरलेले भरून काढावे.