शुश्रूषा करणाऱ्यांचा विसावा

पक्षाघाताच्या रुग्णास घरी पाठविताना नातेवाइकांना एक सूचना आवर्जून दिली जाते : दर दोन तासांनी कूस बदलावी. शय्याव्रण टाळण्यासाठी ती आवश्यकच आहे. मात्र तिचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. दिवसरात्र मिळून बारा वेळा कूस, नळीवाटे थोड्याथोड्या वेळाने पातळ आहार, लघवीची पिशवी, औषधे. हे सारे एकाच व्यक्तीने करावयाचे असल्यास तिला सलग दोन तासांहून अधिक झोप मिळणार नाही, असा त्या सूचनेचा अर्थ होतो. आणि हा क्रम कित्येकदा वर्षानुवर्षे चालतो.

ही व्यक्ती बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी असते. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातील व्यक्तींची विनावेतन काळजी घेणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी 134 मिनिटे, तर पुरुषांचा 76 मिनिटे वेळ जात असल्याचे दिसले. यात बालसंगोपनही आले. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी मिनिटांचा हिशेब लागूच पडत नाही. मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. बीड, जालना भागांतील कर्ती माणसे ऊसतोडणीस गेली की घरी आजारी म्हातारा आणि त्याची तितकीच थकलेली म्हातारी उरते. मग कंबरदुखी, चुकलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या, चिडचिड, आणि एखाद्या दिवशी रुग्णावर उगारलेला हात. ही शेवटची गोष्ट कोणी बोलून दाखवीत नाही. पण ती दुष्टपणातून नव्हे, निद्रानाशातून येते, असे आमचे मत आहे.

अशा वेळी काही तास वा काही दिवस रुग्णाची जबाबदारी दुसऱ्या जाणत्या व्यक्तीने अथवा संस्थेने घेणे यास ‘रेस्पाइट केअर’ म्हणतात. आम्ही त्यास विसावा-शुश्रूषा म्हणू. डेम सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, तेव्हापासून रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबाचाही विचार करण्याची परंपरा रुजली. आपल्याकडे 1986 मध्ये मुंबईत शांती आवेदना सदन व 1997 मध्ये पुण्यात वारजे येथे सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र उभे राहिले. वारजे येथे कर्करुग्णासोबत एक नातेवाईक राहतो व शुश्रूषेचे शिक्षण घेऊन घरी जातो. दोन्ही केंद्रे मुख्यतः कर्करुग्णांसाठी उभी राहिली. पक्षाघात, स्मृतिभ्रंश यांच्या घरांना असा आधार क्वचितच लाभतो.

कायद्याचे हातही तोकडे पडतात. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ‘समर्थ’ ही निवासी विसाव्याची योजना आली, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांपुरती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये जास्त आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. मात्र तो देणे राज्याच्या आर्थिक क्षमतेवर सोपविले आहे.

मग रुग्णालयातील खाट विसाव्यासाठी का देऊ नये? हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. तीव्र आजाराच्या रुग्णांसाठी खाटा अपुऱ्या पडतात, हे एक कारण. दुसरे अधिक महत्त्वाचे : दुर्बल रुग्णास रुग्णालयात जंतुसंसर्गाचा धोका असतो, आणि स्मृतिभ्रंशाचा रुग्ण अनोळखी जागी भांबावतो, रात्रभर ओरडतो. त्यामुळे शक्य तेथे विसावा घरीच मिळावा, असे आम्हांस वाटते.

त्याची सुरुवात लहानच असावी. प्रथम नवी व्यक्ती घरच्यांच्या देखतच तासभर बसावी, मग दोन तास एकटीने. औषधांच्या वेळा, भरविण्याची पद्धत, कोणता खांदा दुखतो, कोणत्या कुशीवर झोप लागते हे कागदावर लिहून खाटेजवळ लावावे. आहारनळी असल्यास ती हाताळण्याचे शिक्षण परिचारिकेकडून घेतल्याखेरीज नवख्याने भरवू नये. पगारी मावशी परवडत नसतील तर भावंडांनी वार वाटून घ्यावेत. ‘लोक काय म्हणतील’ हा अडसर मात्र पैशाहून मोठा असतो. तो दूर होण्यास वडीलधाऱ्याचा एक शब्द, आणि पुष्कळदा डॉक्टरांचा, उपयोगी पडतो.

रुग्णास घरी नेण्याच्या दिवशी समाजसेवा विभागात पाच मिनिटे थांबावे, ही आमची विनंती. तेथे आम्ही एकच गोष्ट विचारतो : रविवारी दुपारी तीन तास रुग्णाजवळ कोण बसेल? त्या व्यक्तीस शक्य झाल्यास सोबतच आणावे.