‘संशयित छिद्र’ आणि ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ : दोन संज्ञांचा विचार

नवजात बालकाच्या, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या, आतड्यास छिद्र पडण्याचा संभव असतो. क्ष-किरण चित्रात आतड्याबाहेर हवा दिसल्यास निदान बहुधा निश्चित होते. परंतु छिद्र असूनही ही हवा कित्येकदा दिसत नाही, आणि वैद्याजवळ केवळ साधार शंका उरते. तिच्या निरसनाचा एक उपाय म्हणजे पोटात कार्बन डायऑक्साइड वायू हलक्या दाबाने भरून, 3 ते 5 मिलिमीटर जाडीच्या दुर्बिणीने आत पाहणे. छिद्र न आढळल्यास मोठा छेद टळतो. आढळल्यास तो कोठे घ्यावा हे कळते. मात्र वायूच्या दाबाने श्वसनावर व रुधिराभिसरणावर ताण येतो. म्हणून अत्यवस्थ बालकास हा उपाय सोसेलच असे नाही. अशा बालकाच्या पोटात केवळ निचऱ्याची नळी घालण्याची रीत टोरांटोच्या आइन प्रभृती शल्यवैद्यांनी 1977 मध्ये मांडली.

धुळे-जळगावकडील नातलगांपुढे हा निर्णय येतो तो प्रमाण मराठीतून. घरची बोली मात्र पुष्कळदा अहिराणी वा लेवा गणबोली असते. ‘संशयित’ हा शब्द वृत्तपत्रांमुळे गुन्ह्याच्या आरोपाशी जोडला गेला आहे. रोगाच्या संदर्भात तो परका वाटतो. ‘दुर्बीण’ हा शब्द उलट अतिपरिचित आहे. कुटुंबनियोजनाच्या ‘बिनटाका’ शस्त्रक्रियेमुळे त्यास ‘किरकोळ’ अशी अर्थच्छटा चिकटली आहे. पण ती शस्त्रक्रिया निरोगी स्त्रीवर होते; येथे रोगी मृत्यूच्या दारी असू शकतो. उत्तर अमेरिकेत 1500 ग्रॅमहून कमी जन्मवजनाच्या, आतड्यास छिद्र पडलेल्या 117 बालकांवर झालेल्या व 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नळी घातलेली आणि पोट उघडलेली, अशा दोन्ही गटांतील सुमारे एक-तृतीयांश बालके 90 दिवसांत दगावली. छेद लहान म्हणून दुखणे लहान ठरत नाही.

तेव्हा संमती घेताना संज्ञेऐवजी वाक्य वापरणे श्रेयस्कर होय : “आतड्याला छिद्र पडले असावे असे वाटते, आत पाहिल्याशिवाय खात्री होणार नाही. पाहिल्यावर पोट उघडावे लागेल, कदाचित लागणारही नाही. जखम लहान असली तरी दुखणे मोठे आहे.” हीच वाक्ये खानदेशच्या बोलींत कशी बोलली जातील, याचा शोध आपल्या विद्यार्थ्यांनी रुग्णांच्या आप्तांकडूनच घ्यावयास हवा. न कळलेल्या गोष्टीस दिलेली संमती ही संमती नव्हे.