गुण मिळाले, विज्ञान समजले काय?

विद्यापीठात जाणारा प्रत्येक तरुण शास्त्रज्ञ होत नाही. कुणी वकील होतो, कुणी पेढी सांभाळतो, कुणी शिक्षक होतो. अशा विद्यार्थ्यांनाही विज्ञानाची तोंडओळख असावी, म्हणून अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांनी सामान्य शिक्षणात विज्ञानाचा एखादा विषय आवश्यक ठरविला आहे. आपल्याकडेही डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९४९ साली सामान्य शिक्षणाचा पुरस्कार केला होता. अनेकांच्या आयुष्यातील विज्ञानाचा हा अखेरचा वर्ग. त्यातून त्यांच्या पदरी काय पडले, हे ओळखावे कसे?

परीक्षेतील गुण ते सांगतात, असे आपण गृहीत धरतो. परंतु १९८७ सालच्या एका शैक्षणिक चित्रपटाने या समजुतीस धक्का दिला. हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभास जमलेल्या पदवीधरांना व अध्यापकांना त्यात विचारले होते, ऋतू का होतात? चंद्राच्या कला का दिसतात? २३ पैकी २१ जणांना बरोबर उत्तर देता आले नाही. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येते, असे कित्येकांनी सांगितले. वस्तुतः पृथ्वी सूर्याला सर्वांत जवळ येते ती जानेवारीत, आपण शाली पांघरून बसतो तेव्हा! ऋतूंचे कारण अंतर नव्हे, तर पृथ्वीच्या अक्षाचा साडेतेवीस अंशांचा कल होय.

यांतील पुष्कळांनी परीक्षा उत्तम गुणांनी दिल्या असतील. मात्र ‘ऋतू होण्याची कारणे लिहा’ या प्रश्नाला पाठांतर पुरते, आणि मनातील जुनी कल्पना जागच्या जागी राहते.

यावर शिक्षणतज्ज्ञांनी काढलेली युक्ती साधी आहे. प्रथम विद्यार्थ्यांच्या चुकीच्या कल्पना त्यांच्याच तोंडून ऐकून घ्यावयाच्या व बरोबर उत्तराशेजारी त्या पर्याय म्हणून मांडावयाच्या. हीच प्रश्नावली अभ्यासक्रमाच्या आरंभी व शेवटी द्यावयाची. वर्गाची सरासरी आरंभी शेकडा ४० व शेवटी ७० असेल, तर ६० गुणांची उणीव होती, त्यांपैकी ३० भरून निघाली. म्हणजे लाभ निम्मा. हुशार व सामान्य वर्गांची तुलना त्यामुळे न्याय्य होते.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३१ संस्थांतील सुमारे ४,००० विद्यार्थ्यांना प्रकाश व वर्णपट यांवर असे २६ प्रश्न विचारण्यात आले. हे सर्व खगोलशास्त्राच्या सामान्य अभ्यासक्रमाचे विद्यार्थी होते. काही वर्गांचा लाभ निम्म्यापर्यंत पोहोचला, तर काहींचा जवळजवळ शून्य राहिला. हा फरक वर्ग लहान की मोठा यावर अवलंबून नव्हता. जेथे तासाचा बराच भाग विद्यार्थ्यांनी आपसांत चर्चा करण्यात व प्रश्न सोडविण्यात जाई, तेथेच मोठा लाभ दिसला. तथापि केवळ चर्चेला वेळ दिल्याने भागत नाही; काही वर्गांत तसे करूनही फळ अल्पच मिळाले. प्रश्न कोणता विचारावा, याचे कौशल्य शिक्षकाकडे हवेच.

ही प्रश्नावली विद्यार्थ्याला नापास करण्यासाठी नसते. ती खरी परीक्षा अध्यापनाची. उद्या मतदार म्हणून पाणी, औषध, वीज यांविषयी निर्णय घेणाऱ्या नागरिकाला सूत्रे आठवली नाहीत तरी चालेल. परंतु ‘हे खरे कशावरून?’ असे विचारण्याची सवय त्याला लागली की नाही, हे गुणपत्रिका सांगत नाही. आपल्या घरी नुकताच उत्तीर्ण झालेला विद्यार्थी असेल, तर त्याला पेढा देताना सहज विचारून पाहा: जानेवारीत थंडी का पडते?